शेकडा तीन म्हणजे किती?

आठवीला चक्रवाढ व्याज शिकवत होते. सूत्र फळ्यावर लिहून झालं, दोन उदाहरणं झाली, पोरांनी पटापट सोडवली पण. म्हटलं चला, आता पुस्तकाबाहेरचं एक विचारू. विचारलं, आपल्या गावात कुणी शेकडा तीननं पैसे उचलले तर वर्षाचा व्याजदर किती? अख्खा वर्ग एका सुरात, तीन टक्के! परत विचारलं, परत तेच. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी तेवढी हळू आवाजात म्हणाली, छत्तीस ना मॅडम? तिला विचारलं कसं गं, तर म्हणे आमच्या आईच्या बचत गटाची वही मीच लिहिते, त्यात व्याज महिन्याचं असतं.

त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला घेतलंय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बाकीच्या पोरांची चूक नाही. सातवीत 'बँक व सरळव्याज' धडा आहे, त्यात सगळीकडे द.सा.द.शे. असतं. दर साल दर शेकडा. पोरं ते आरतीसारखं पाठ करतात आणि त्यातला 'साल' कधी कानावर थांबतच नाही. गावात मात्र कुणीच द.सा.द.शे. बोलत नाही. गावात 'शेकडा दोन', 'शेकडा तीन', अडलेल्या माणसाला 'शेकडा पाच' पण, आणि ते सगळं महिन्याचं, पण महिन्याचं असं तोंडानं कुणी म्हणत नाही, ते धरूनच चालायचं असतं. म्हणजे दहा हजार घेतले शेकडा तीननं आणि मधे काहीच दिलं नाही, तर वर्षाअखेरीला सरळव्याजानं १३,६००, आणि व्याजावर व्याज चढवलं तर १४,२५८ च्या आसपास. हेच गणित पोरगं परीक्षेत बरोबर सोडवतं, मार्क घेतं, आणि घरी बाप शेकडा तीननं पैसे आणतो तेव्हा तीन टक्के म्हणजे बँकेपेक्षा स्वस्तच की, असं त्यालाही वाटतं. बापाला तर वाटतंच.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, नोकरीही इकडंच, हायस्कूलला गणित शिकवते. आमच्या भागाबद्दल कुणी काही बोललं की पाण्यावरच बोलणार, आणि बरोबरच आहे, दुष्काळ आमच्या पाचवीला पुजलेला. माणसं बाहेर पडली ती त्यामुळंच. कुणी ऊसतोडीला, कुणी मुंबईला माथाडी कामाला, आणि माण, खटाव, आटपाडी, खानापूर इकडची कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला पार तामिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत. माझा एक चुलतभाऊ कोइमतूरला आहे. दहावीत गणितात गेला होता तो. आज सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, दशांश चिन्हानंतरच्या आकड्यापर्यंत तोंडी सांगतो, घट किती जाईल, हातात किती येईल, कॅल्क्युलेटरला हात लावत नाही. म्हणजे डोकं कमी होतं असं नाहीच, ज्या हिशोबावर पोट आहे तो हिशोब येतोच माणसाला. आपण शाळेत जो हिशोब शिकवतो त्याचा पोटाशी संबंध आहे हे दाखवायचं राहून जातं, माझंही राहिलं इतकी वर्षं.

आणि घरचंच सांगते, कारण दुसऱ्यांचं सांगून उपयोग नाही. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाले तेव्हा जे पैसे मिळाले त्यातले चार लाख त्यांनी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले. बँक सात देत होती, पतसंस्था बारा. चेअरमन ओळखीचे, मॅनेजर लग्नाकार्यात भेटणारा, काचेचं ऑफिस, एसी. मी तेव्हा बीएड करून नुकती लागले होते, गणिताची शिक्षिका, आणि मीही म्हटलं होतं की अण्णा बारा चांगलेत, ठेवा. मला एक प्रश्न सुचला नाही, की ही बँक आहे का? अडीच वर्षांनी ठेव मोडायला गेले तर आज या, सोमवारी या, वसुली झाली की देतो. शटर बंद झालं नाही कधी, पण पैसे हप्त्याहप्त्यानं, कधी पाच हजार, कधी दोन, असे. अजून सगळे आले नाहीत. अण्णा त्याबद्दल बोलत नाहीत, पावत्या मात्र गादीखाली नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यात.

तर हे नीट वाचा, घरात कुणाचे पैसे असतील तर आज बघा. बँक असेल, मग ती सरकारी असो, खाजगी असो की नागरी सहकारी, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि ठेवींना डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्याच ठेव-विमा महामंडळाचा, विमा असतो, एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. आधी हे १ लाखच होतं, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ झालं. पतसंस्था ही बँक नाही. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, तिच्या ठेवींना डीआयसीजीसीचा विमा नाही. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीलाही नाही. आता सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाही, कितीतरी पतसंस्था पिढ्यानपिढ्या चोख चालल्यात आणि बँका ज्यांना दारात उभं करत नाहीत अशा लोकांना त्यांनी उभं केलंय. पण बारा आणि सात यातले जे वरचे पाच आहेत ते कशाचे आहेत, हे ठेवणाऱ्याला माहीत पाहिजे. ते जोखमीचे पैसे आहेत. अण्णांना ते बक्षीस वाटलं, आणि मलाही.

इथं मला सुप्याची आठवण येते. पुणे जिल्ह्यातलं सुपे, १२ मे १८७५. शेतकरी सावकारांच्या दारात गेले आणि त्यांनी मुख्यतः मागितले काय तर कागद. कर्जरोखे, वह्या. ते काढून जाळले. शाळेत आम्हाला ते 'दख्खनचे दंगे' म्हणून चार ओळीत होतं. मला आता वाटतं की त्या कागदावर काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला कळत नव्हतं, पण आपलं रान त्या कागदात अडकलंय एवढं पक्कं कळत होतं, म्हणून राग कागदावर निघाला. पुढं १८७९ ला कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात कर्जदार शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती मागायचा हक्क दिला होता, वर्षाचा हिशोब मागायचा हक्क होता, पासबुकात हिशोब लिहून घ्यायचा पण हक्क होता. म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यात हिशोब मागायचा हक्क कागदोपत्री तेव्हापासून आहे. मागायचा कसा हे मात्र कुणी शिकवलं नाही. वाचता येत नाही त्याला पावतीचा हक्क देऊन काय होणार?

मागणारी माणसं भेटली ती आमच्याच तालुक्यातल्या म्हसवडला. माणदेशी बँकेची गोष्ट इकडं सगळ्यांना माहीत आहे पण बाहेरच्यांसाठी लिहिते. चेतना सिन्हा लग्न होऊन मुंबईहून म्हसवडला आल्या. एक लोहारकाम करणारी, रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारी बाई त्यांच्याकडे आली, तिला बँकेत खातं काढायचं होतं, पावसाळ्याच्या आत पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा म्हणून रोजचे थोडे पैसे साठवायचे होते, आणि बँक एवढ्या कमी पैशाचं खातं काढायला तयार नव्हती. कर्ज नको, सबसिडी नको, फक्त स्वतःचे पैसे ठेवायला जागा पाहिजे होती तिला! त्यातून बायकांची सहकारी बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला तो नामंजूर झाला, कारण सभासद बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. तर या बायकांनी रडत बसण्यापेक्षा लिहायला-वाचायला शिकायला घेतलं आणि काही महिन्यांनी परत गेल्या मुंबईला. आणि साहेबांना सांगितलं की आम्हाला वाचायला येत नव्हतं ते खरं, कारण शाळाच नव्हती, पण हिशोब येतो, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनी पण कॅल्क्युलेटर न घेता सांगावं. १९९७ ला बँक सुरू झाली.

ही गोष्ट मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगते आणि दरवर्षी सांगताना अंगावर काटा येतो. त्यातलं मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं, तर त्यांनी परवाना 'आम्ही गरीब आहोत, द्या' असा मागितला नाही. हिशोबाच्या जोरावर मागितला. आणि पुढंही बँक त्यांच्याच म्हणण्यानं बदलत गेली. बाजारच्या दिवशी धंदा सोडून बँकेत येणं परवडत नाही म्हणाल्या तर बँकेची माणसं दारात जायला लागली. कार्डाला पिन नंबर देऊ केला तर एकीनं सांगितलं की पिन कुणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार, अंगठ्यावरच चालू द्या. ज्या अंगठ्यामुळं अर्ज फेटाळला होता तोच अंगठा. नंतर तिथं बायकांसाठी बिझनेस स्कूल निघालं, गावोगाव बस घेऊन जाणारं सुद्धा, रेडिओ निघाला.

आमच्या आईचा गट या बँकेचा नाही, साधा गावातला, १४ जणी, महिन्याला २०० रुपये. गटात आपसात कर्ज शेकडा दोननं. आता आकडा बघितला तर वर्षाला चोवीस टक्के होतात, कमी नाहीत, मी आईला तसं म्हटलं पण. तर ती म्हणाली, "आगं पण जातंय कुठं ते? आमच्यातच फिरतंय की." आणि खरंय. वर्षाअखेरीला व्याज वाटून परत त्यांच्याच हातात येतं, कुणाची शेळी, कुणाची फी. तेच व्याज सावकाराला किंवा फायनान्सला गेलं की ते गावाबाहेर गेलं, परत यायचं नाही.

आमच्याकडं पाण्याचं काम केलेली माणसं एक गोष्ट जाणतात, की पाऊस कमी पडतो हे निम्मंच दुःख, पडतो तोही वाहून जातो हे उरलेलं. पैशाचं तेच आहे. कोइमतूरहून, मुंबईहून, फौजेतून पैसा येतो की, भरपूर येतो. तो बँकेत ठेव म्हणून बसतो आणि कर्ज म्हणून कुठं जातो? बँकेच्या भाषेत याला सीडी रेशो म्हणतात, शंभर रुपये ठेव गोळा केली त्यातले किती कर्ज म्हणून वाटले ते. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ग्रामीण आणि निमशहरी शाखांसाठी ६० टक्क्यांचं उद्दिष्ट दिलेलं आहे, आणि एखाद्या जिल्ह्याचं प्रमाण ४० च्या खाली गेलं तर तिथं खास उपसमिती नेमून पाठपुरावा करायचा असा नियम आहे. हा विचार मुळात आपल्याच माणसाचा. १९६९ मध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटानं सांगितलं की बँकिंगचा विचार प्रदेश धरून करा, जिल्हा धरून करा, आणि त्याच वर्षाच्या शेवटी अग्रणी बँक योजना आली, म्हणजे एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेकडे. लोणीचा प्रवरा साखर कारखाना उभा करताना विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर होते तेच हे गाडगीळ. शेतकऱ्याचा पैसा, शेतकऱ्याचा माल आणि त्यातून त्याच गावात शाळा-कॉलेज, हे त्यांनी होताना बघितलं होतं.

पण नुसत्या बँकेला दोष देऊन चालत नाही, कारण कर्ज मागायला जाणाऱ्याला कागद करता येत नाही. गावातल्या एका दूधवाल्या ताईंचा धंदा माझ्यापेक्षा मोठा आहे, सहा म्हशी, रोजचं दूध डेअरीला, पण हिशोब कुठं लिहिलेला नाही, डेअरीच्या पावत्या चुलीत जातात. बँकेचा साहेब विचारतो उत्पन्नाचा पुरावा काय, त्या म्हणतात म्हशी बघायला या. मग त्यांना फायनान्सवालाच जवळचा वाटणार, तो दारात येतो ना!

आता कडबाकुट्टीचं सांगते. शेजारच्या काकूंनी कडबाकुट्टी मशीनसाठी ३०,००० चं कर्ज काढलं होतं एका फायनान्सकडून, बारा हप्ते, २,८०० चा एक. एजंट म्हणाला होता एकच टक्का महिना, वर्षाचे बाराच टक्के. काकूंना विचारून, नाव झाकून, तो हिशोब मी दहावीला दिला. दहावीच्या पुस्तकात 'अर्थनियोजन' धडा आहे, जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड सगळं आहे, चांगला धडा आहे, मला आवडतो. पण शेअर असलेलं घर वर्गात एकही नाही आणि हप्ता नसलेलं घर शोधावं लागेल. म्हणून म्हटलं आधी कडबाकुट्टी.

पोरं म्हणाली, मॅडम सोपंय, ३,६०० व्याज, बारा टक्केच होतात. मग मी विचारलं, सहा हप्ते भरून झाल्यावर काकूंकडे फायनान्सचे किती पैसे राहिले? निम्मे. मग व्याज कितीवर चाललंय? वर्ग गप्प. एकजण म्हणाला, अजून तीस हजारावरच की! तिथं त्यांची ट्यूब पेटली. मग मी दुसरी गोष्ट सांगितली, की काकूंच्या हातात तीस आलेच नव्हते. ६०० प्रोसेसिंग, ५०० विमा कापून २८,९०० आले होते. मग आम्ही फळ्यावर तक्ताच मांडला, महिना, बाकी, त्यावरचं व्याज, हप्ता, उरलेली बाकी. पहिल्यांदा महिना २ टक्के धरून बघितलं, तर बाराव्या हप्त्याच्या आधीच कर्ज फिटून वर नऊशे रुपये जास्त जात होते. अडीच धरून बघितलं तर शेवटी दोनशे चाळीस उरत होते. मधलं शोधत गेलो, तास संपला, मधली सुट्टी झाली, डबे तसेच, दहा-बारा पोरं फळ्यापाशी. २.४ धरल्यावर शेवटी पाचेक रुपये उरले. गुणिले बारा. २८.८ टक्के.

कुणीतरी म्हणालं, म्हणजे फसवलं काकूंना. मी म्हटलं थांबा, असं लगेच म्हणायचं नाही, आधी कागद बघू. संध्याकाळी काकूंकडे गेले. कागदांचा गठ्ठा होता, सगळा इंग्रजी, सह्या मात्र काकूंच्या मराठीत, चौथी शिकलेल्या आहेत त्या, हळूहळू वाचतात. गठ्ठ्यात तळाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणून पान होतं. हे पान १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सगळ्या नव्या किरकोळ कर्जांना द्यावंच लागतं, बँकेला आणि फायनान्स कंपनीलाही. त्यात एपीआर म्हणून एक चौकट असते, फी, विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर किती तो. चौकटीत छापलेलं होतं २८.७८.

मी तिथंच ओट्यावर बसले. पोरांनी खडूनं काढलेला आकडा पहिल्या दिवसापासून काकूंच्या ट्रंकेत होता.

आणि नियमात असंही आहे की हे पान कर्जदाराला कळेल त्या भाषेत दिलं पाहिजे आणि समजावून सांगितलं पाहिजे. काकूंना म्हटलं, मराठीत मागा, तुमचा हक्क आहे. काकू म्हणाल्या, "नगं बाई, उद्या पुन्हा लागलं तर देणार न्हायती." ही भीती खरी आहे, मी काही बोलले नाही. पण पुढच्या हप्त्याला फायनान्सचा वसुलीवाला पोरगा आला तेव्हा काकूंनीच विचारलं त्याला, अंगणात, चार बायका बसलेल्या असताना, मुद्दाम. तोही आपल्यासारखाच कुणाचा तरी पोरगा, बी.कॉम. झालेला, म्हणाला ऑफिसला विचारतो.

पंधरा दिवसांनी मराठी पान आलं. काकूंनी मला बोलवलं, म्हटलं आता वाचून दाखवायला बोलवलं असेल. तर तसं नव्हतं. चष्मा लावून, बोट ठेवून, एक-एक अक्षर जोडत त्यांनीच मला वाचून दाखवलं. चौकटीपाशी आल्यावर थांबल्या, बोट तिथंच ठेवलं आणि म्हणाल्या, "हे शेकड्याला वर्षाचं हाय न्हवं? मग महिन्याचं किती पडलं, थांब, तू सांगू नगं."